एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

माणसाला आवडता देव असतो, आवडती भाजी असते. मला एक आकडा आवडतो. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: एकशे सत्तावीस.

पेणच्या बाजारापासून जरा आत माझा गाळा आहे. बोर्डावर ऐटीत 'इंजिनिअरिंग वर्क्स' लिहिलंय, पण आत एक जुना लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि तोंडाने फटकळ असा मी, एवढीच काय ती वर्क्स. आता काम जवळजवळ थांबवलंय. गुडघे कुरकुरतात आणि गिऱ्हाईकही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. रोह्याच्या कंपन्यांची कामं कॉम्प्युटरवाल्या मशिनांकडे गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ऐकायला कुणाला वेळ नाही.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिरत्या लोखंडावर धारदार टूल टेकवायचं आणि त्याला हवा तो आकार द्यायचा, हे लेथचं काम. बोल्टला किंवा नटला आटे पाडायचे तरी रीत हीच. काम जागच्या जागी फिरतं आणि टूल त्याच्या कडेने सरकत जातं. एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल तेवढं दोन आट्यांमधलं अंतर. टूलला सरकवतो तो मशीनच्या पोटाशी आडवा बसवलेला एक लांब स्क्रू, आणि त्या स्क्रूने किती फिरायचं ते ठरवतात डाव्या अंगाला लावलेली दातेरी चाकं. चाकं बदलली की आटे बदलले. या चाकांचा एक डबा मशीनबरोबरच येतो. वीस दात्यांचं, पंचवीस, तीस, असं पाचापाचाने चढत एकशेवीसपर्यंत. आणि त्या रांगेत एक उपरं, एकशे सत्तावीसचं.

ते तिथे कशाला? तर माझा लेथ इंग्रजी बनावटीचा. त्याचा लांब स्क्रू इंचाच्या मापाचा आणि आपला सगळा देश मिलिमीटरचा. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. ते चार दशांश टाचेतल्या काट्यासारखे सलत राहतात. पाच इंच एकदम घेतले तरच काटा निघतो: बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. इंचाच्या मशीनवर मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील तर या आकड्याच्या दारातूनच जावं लागतं.

कुणी म्हणेल, मग दोन लहान चाकं जोडून भागवा की. इतरांचं भागतं. एकशेवीस दात्यांचं चाक हरवलं तर मी डोकं धरून बसणार नाही. एकशेवीस म्हणजे चार तीस, तीन चाळीस, पाच चोवीस. हवा तसा फोडावा आणि लहान चाकांच्या जोड्यांमध्ये वाटून द्यावा. एकशे सत्तावीस फुटत नाही. दोनाने नाही, तिनाने नाही, साताने नाही, अकराने नाही. तो आपला अख्खाच्या अख्खा.

अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात हे मी शाळेत शिकलो असणार, पण लक्षात आणून दिलं वैद्यसरांनी. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. पहिल्यांदा आले ते घरच्या पाटा-वरवंट्याला मोटर बसवून मिळेल का, हे विचारायला. असलं गिऱ्हाईक मी हाकलून देतो. पण त्यांची नजर भिंतीवरच्या खुंटीला लटकवलेल्या चाकावर गेली. "कितीचं हे?" मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. खडू मागून घेतला आणि एकेका दात्याला टिकली लावत मोजत बसले. तेव्हापासून ते काही काम नसताना येऊ लागले.

"एकाची दुप्पट करत जा, मेस्त्री," ते एकदा म्हणाले. "दोन, चार, आठ, सोळा. सातव्यांदा एकशे अठ्ठावीस. त्यातून एक काढा. दर वेळी असं एक काढून मूळ संख्या मिळत नाही. मिळाली की ती खानदानी समजायची. जगात आज ठाऊक असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या तुमच्या या चाकाच्याच घराण्यातली आहे. नुसती लिहायची म्हटली तर कोट्यवधी अंक लागतात."

"तेवढ्या दात्यांचं चाक कुणी मागितलं तर?"

"विश्वात मावणार नाही."

"मग ऑर्डर घेणार नाही," मी म्हणालो. सर इतके हसले की चहा सांडला.

न फुटणाऱ्या आकड्यांचा उपयोग मला त्याआधीही ठाऊक होता, फक्त नाव ठाऊक नव्हतं. हमरापूरच्या एका मूर्तिकाराचं शाडूची माती मळायचं यंत्र होतं. साठ दात्यांचं मोठं चाक, वीसचं लहान. साठाला विसाने पुरता भाग जातो, म्हणून लहान चाकाचा प्रत्येक दाता आयुष्यभर समोरच्या त्याच त्या तीन दात्यांवर आपटत राहतो. एका दात्याचा कोपरा उडाला की तो त्याच तिघांना छळून छळून मारतो. ऐन हंगामात दर वर्षी हेच. मी मोठं चाक एकसष्टचं करून दिलं आणि मोटर जरा मागे सरकवली. आता तो दांडगा दाता सगळ्यांकडे पाळीपाळीने जातो. भांडखोर माणसाला साऱ्या गावात वाटून घेतलं तर कुणाचंच फार बिघडत नाही. ते यंत्र अजून चालू आहे, आणि मूर्तिकार भेटला की अजून विचारतो, "एक दाता वाढवून तुम्ही काय मंत्र घातला?"

पण सांगायचं होतं ते वेगळंच. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीतलं. 

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाळा नुसता झाडायला उघडला होता. एक नवरा-बायको दारात उभी राहिली. तो बाळाराम, ती जनाबाई. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, तो वाळलाही नव्हता.

"मेस्त्री, उघाडी मिटत नाय," बाळाराम म्हणाला.

उघाडी म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, इतरांना सांगतो. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालून आतल्या जमिनीत भात पिकवतात, ती खारजमीन. आत साठलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडी आत येऊ द्यायची नाही, यासाठी बांधात एक दार असतं. ती उघाडी. कुठे लाकडी झडप असते, ती भरतीच्या रेट्याने आपली आपण मिटते. यांच्या गावची लोखंडी होती. वर एक चाक, चाकाच्या पोटात पितळी दिसणारा गनमेटलचा नट, आणि त्या नटातून खाली दारापर्यंत गेलेला लांब आटेदार दांडा. चाक फिरवलं की दार वर-खाली. ते चाक फिरवण्याचा मान आणि ताप बाळारामच्या घरात त्याच्या बापापासून होता.

जनाबाईने गोणपाटातून नट काढून माझ्या टेबलावर ठेवला. आतून गुळगुळीत. आट्यांचा मागमूस नाही.

"चाक गरागरा फिरतंय, पन दार तिथंच," ती म्हणाली. "वीतभर उघडं ऱ्हायलंय. गाळात अडकलंय, आपल्या वजनानं खाली येत नाय. घणानं ठोकून झालं. जेसीबीवाला आला, बांध खचंल म्हनला नि गेला. आतनं मातीच्या गोण्या लावल्यात. कालची भरती धरली. आजची धरतील."

"आणि उद्या?"

"उद्या चौदस, परवा पुनव. उधाण हाय. उद्या गोण्या नाय ऱ्हात."

"भात कुठवर आलंय?"

"पोटरीत हाय," बाळाराम म्हणाला. 

पोटरीत म्हणजे कणीस अजून पानाच्या गाभ्यात, आता बाहेर पडेल असं. तेव्हा खारं पाणी शिरलं की सगळं जळतं. यंदाचं तर जातंच, पण जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे पावसाळेही तिथे धड पिकत नाही. एकट्या बाळारामचं नव्हे, अख्ख्या गावाचं.

"आनि गाव आमच्या तोंडाकडं बघतंय," जनाबाई म्हणाली. "नट याच्या हातात गेला नं. परवापास्नं दामूआजा, गावातला सगळ्यात जाणता, तो पन बोलत नाय याच्याशी. कोन पन बोलत नाय. आरतीला गेला तर लोकांनी जागा केली नाय."

ती दोघं आदल्या दिवशी रोह्यापर्यंत जाऊन आली होती. गणपतीत तिथल्या कंपन्या मशिनरी बंद करून दुरुस्तीला काढतात, म्हणून सगळी वर्कशॉपं त्याच कामात. चार दिवसांनी या, म्हणाले. पेणचे दोघं-तिघं मेस्त्री गावी गेलेले. उरलो मी.

आट्यांचं माप हवं होतं. दांडा तर दाराबरोबर चिखलात अडकलेला, काढून आणता येण्यासारखा नव्हता. पण बाळारामने एक शहाणपणा केला होता. त्या दांड्यावर चिकणमातीचा गोळा दाबून त्याचा ठसा घेतला होता आणि केळीच्या पानात जपून आणला होता. ठसा उथळ उमटला होता, पण आट्यांच्या कडा मोजता येत होत्या. मी पट्टी ठेवली. दहा आट्यांना बरोबर ऐंशी मिलिमीटर. म्हणजे एका आट्याला आठ.

मिलिमीटर! इंचाचा आटा असता तर मी लगेच मशीन चालू केलं असतं. मी भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. ती रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, तरी पाहिलं.

चाक अष्टमी नावाच्या गावात होतं. रोह्याला पुलापलीकडे. तिथल्या एका मंडळातला दिलीप नावाचा फिटर माझ्या ओळखीचा. त्यांना गणपतीचं कमळाचं आसन संथ फिरणारं हवं होतं. मिलिमीटरची कामं हल्ली माझ्याकडे येतात कुठे, असं म्हणून मीच ते चाक कौतुकाने त्याला दिलं होतं. फोन लावला.

"मेस्त्री, चाक बरोबर आसनाखाली हाय," दिलीप म्हणाला. "काढायचं तर मूर्ती उचलावी लागंल. प्राणप्रतिष्ठा झालीय. उद्या दुपारी उत्तरपूजा झाली की पयलं तुमचं चाक काढतो, मी स्वतः घेऊन येतो."

उद्या दुपारी! भरतीची वेळ तिथीवरून निघते. उद्या सकाळी साडेदहा-अकराला पाणी चढणार होतं. मी काय बोलणार? माझ्याही घरात गणपती बसतो. फोन ठेवला आणि काय झालं ते त्या दोघांना सांगितलं.

"देवाच्या बुडाखाली?" जनाबाई म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको. बसलेला देव उठवू नका. आमच्यापायी नको."

मला इतका संताप आला. तिच्यावर नव्हे, दिलीपवर नव्हे, त्या आकड्यावर. लाडाने भिंतीवर टांगलेला, लोकांना कौतुकाने दाखवलेला आकडा गरजेच्या वेळी दगडासारखा आडवा पडला होता. मी वैद्यसरांना फोन केला. त्यांनी काय करावं अशी माझी अपेक्षा होती, देव जाणे. सर छत्री घेऊन पाच-दहा मिनिटांत आले. सगळं ऐकून घेतलं.

"फुटत नाही म्हणून तर ती मूळ संख्या, मेस्त्री. तिला पर्याय नसतो."

"हे मला ठाऊक आहे, सर. ठाऊक नसलेलं काही सांगा."

ते चक्क दुखावले. स्टुलावर बसून राहिले. मग छत्रीच्या टोकाने जमिनीवरच्या लोखंडाच्या किसात काहीतरी गिरवत म्हणाले, "शेजारी मात्र फुटतो."

"कोण शेजारी?"

"एकशे सव्वीस. दोन, सात आणि नऊ. आठाच्या आट्याला हवेत एकशे साठ भागिले एकशे सत्तावीस; ते जवळजवळ शंभराला एकशे सव्वीसच."

मी उठून डबा ओढला. सात आणि नऊ. पस्तिसाचं चाक साताच्या घरचं, पंचेचाळिसाचं नवाच्या घरचं. दोन्ही जागेवर. खडूने लेथच्या पत्र्यावर हिशेब मांडला. पस्तीस आणि पंचवीस, त्यापुढे पंचेचाळीस आणि पन्नास, अशी जोडी लावली तर माझ्या इंचाला चार आट्यांच्या स्क्रूवर आटा किती पडतो? सरांनी दोनदा गुणाकार केला. आठ पूर्णांक एक सहस्रांश मिलिमीटर.

मला वाटलं, सर खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. "पण हे आठ नव्हे."

"किती नव्हे?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग. दर आट्याला. आणि तो साठत जाणार."

"नटात आटे दहा. म्हणजे शेवटी शंभरावा भाग. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, सर."

"तरी बरोबर नव्हे," सर म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी मीही त्यांच्याच बाजूचा होतो. माझ्या उस्तादांनी मला 'जवळपास' हा शब्द गाळ्यात उच्चारू दिला नव्हता. चुकीचा आटा पहिल्या फेऱ्यात हसतो आणि दहाव्या फेऱ्यात रडवतो, असं ते म्हणत. त्या दिवसापर्यंत मी त्या चाकाशिवाय मिलिमीटरचा एकही आटा पाडला नव्हता. आणि इथे तर घालून बघायला दांडाही नव्हता. नट बसला की नाही हे उद्या बांधावरच कळणार, पाणी चढत असताना.

जनाबाईला आमच्या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. "होतंय की नाय तेवढं सांगा," ती म्हणाली. "नसंल होत तर आमी जातो, गोण्या तरी भरतो."

"होतंय," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला.

गनमेटलचा जाड तुकडा गाळ्यात एकच होता, एका होडीच्या कामातून उरलेला. तो बिघडला तर दुसरा नाही. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला, आतून भोक मोठं केलं, टूल घासून घेतलं. दुपार त्यातच गेली. मग आटे.

इथे लेथचा एक स्वभाव सांगायला हवा. आटा एका फटक्यात पडत नाही. पातळ पातळ कापत, पुन्हा पुन्हा त्याच खोबणीतून टूल न्यावं लागतं. टूलच्या गाड्याला लांब स्क्रूशी जोडणारा एक दांडा असतो. इंचाचे आटे पाडताना दर फेऱ्याला तो दांडा उचलायचा, गाडा हाताने मागे घ्यायचा आणि खूण जुळली की पुन्हा दांडा दाबायचा. मिलिमीटरचा आटा इंचाच्या स्क्रूवर पाडताना त्या खुणा जुळत नाहीत. तिथे दांडा एकदाही उचलायचा नाही. मशीन थांबवायचं, उलटं फिरवायचं, तसंच मागे यायचं. दांडा उचलला की खोबण हरवली आणि काम भंगारात. मला हे पाठ होतं. पण माझ्या डाव्या हाताला नव्हतं. जन्मभर तो हात फेरा संपला की आपोआप त्या दांड्यावर जातो आणि उचलतो.

हे मी बोलता बोलता म्हणालो. जनाबाईने स्टूल ओढलं आणि मशीनशेजारी दांड्याला डोळे लावून बसली. "करा तुमी," ती म्हणाली. "हात आला की मारीन."

"जना," बाळाराम हळूच म्हणाला.

"गप ऱ्हा. मारीन म्हंजे मारीन."

भोकाच्या आतला आटा डोळ्यांना दिसत नाही. कानांनी पाडायचा. टूल आत शिरताना करकर आवाज येतो, तो एकसारखा हवा. शेवटाला पोचलं की झटकन टूल बाहेर ओढून मशीन थांबवायचं, जरा उशीर झाला तर ते चकवर आपटतं. मी पहिले काही फेरे श्वास धरून केले. मग जरा सरावलो, आणि तिथेच घोटाळा होतो. खोली जवळजवळ पुरी झाली होती. टूल शेवटाला पोचलं, उजव्या हाताने मी ते ओढलं, आणि डावा हात आपल्या वाटेने निघाला.

फाटकन आवाज झाला. जनाबाईने मनगटावर मारलं होतं. भात कापणाऱ्या बाईचा हात. माझे डोळे पाणावले. सर ताडकन उभे राहिले. दांडा जागचा हलला नव्हता.

"पुढं चला," ती म्हणाली.  "आजची भरती लागली असंल तिकडं."

संध्याकाळच्या आरत्या सुरू व्हायच्या वेळी नट चकमधून सुटला. मी आटे जरा सैल ठेवले होते. सरांनी तो हातात घेऊन आत बोट फिरवलं. "उद्या काय होईल ते मला कळवा," एवढंच म्हणाले आणि छत्री विसरून गेले.

सकाळी मी मोटरसायकलने त्यांच्या गावी पोचलो तेव्हा अर्धं गाव बांधावर उभं होतं.  एका बाजूला खाडी वर येत होती, करड्या रंगाची, घाई नसल्यासारखी. दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात, नजर पोचेल तिथवर. मधे मातीचा चार हात रुंद बांध. दाराच्या फटीतून पाणी आत घुसून गोण्यांना ढुशा देत होतं. म्हातारा दामूआजा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाळारामकडे पाहिलं नाही.

वरचं चाक काढून ठेवलेलंच होतं. मी नट दांड्याच्या टोकावर ठेवला आणि फिरवला. बसला. एक फेरा, दुसरा, तिसरा, लोण्यासारखा. माझ्या मागे बाळारामचा श्वास ऐकू येत होता. चौथा फेरा जड गेला. पाचव्याला नट थांबला.

मी जोर लावला. हलेना.

 माझ्या डोक्यात एकच गोष्ट: हजारावा भाग. साठला. उस्ताद बरोबर होते, सर बरोबर होते, मी एका बाईला 'होतंय' म्हणून सांगितलं होतं आणि तिच्या गावाचं भात माझ्या 'जवळपास'मध्ये बुडणार होतं. खाली एक गोण घसरली आणि पाणी खळकन आत आलं. बांधावरून बायकांचा आवाज उठला.

"काय झालं?" जनाबाईने विचारलं.

मी नट उलटा फिरवून बाहेर काढला आणि आत बघितलं. खालच्या तोंडाच्या खोबणीत काळं काहीतरी. चिकट, वाळू मिसळलेलं. बोटाचा वास घेतला. डांबर.

दांड्याकडे नीट पाहिलं. वरचे तीन-चार आटे घासून उघडे पडले होते. त्याखाली सगळ्या खोबण्या डांबराने लिंपलेल्या, आणि त्यात खाडीची वाळू बसून दगड झालेली. याच वाळूने जुना नट खाल्ला होता. हजारावा भाग बिचारा कुठे मधे आलाच नव्हता.

मी वर पाहिलं. बाळारामचा चेहरा पांढरा पडला होता. मी काही बोलणार नव्हतो. डांबराची गोष्ट आमच्या दोघांतच राहिली असती. पण तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डांबर मी लावलेलं. मे महिन्यात. होडीला लावतात तसं. गंजू नये म्हनून आट्यांना पन लावलं. नट माज्यामुळं गेला."

 

"रॉकेल आणा," मी ओरडलो. "तारेचा ब्रश, खिळे, काय असेल ते."

मग ते सगळे धावले. ज्यांनी इतके दिवस त्याच्याशी अबोला धरला होता तेही. दोघं-तिघं दांड्याला लटकून खिळ्यांनी खोबण्या उकरत होते, बाकीचे खाली कमरेएवढ्या पाण्यात गोण्या पाठीने रेटून उभे. बाळाराम सगळ्यात खाली, दाराजवळ. भरतीला त्याच्याशी किंवा माझ्याशी काही वैर नव्हतं, ती फक्त चढत होती. पाणी त्याच्या छातीला लागलं तेव्हा मी नट पुन्हा ठेवला. पाचवा फेरा. सहावा. सातव्याला थोडं कुरकुरलं आणि गेलं. दहाही आटे धरले. नट बैठकीत अडकवला, वर चाक चढवलं, आणि चौघांनी मिळून फिरवायला घेतलं.

दार किंचाळलं. बोटभर खाली आलं. थांबलं. पुन्हा बोटभर. मी नटावर हात ठेवून होतो, आतून काही तुटलं तर हाताला आधी कळेल म्हणून. काही तुटलं नाही. शेवटची चार बोटं दार एकदम खाली बसलं, आणि पाण्याचा आवाज बंद झाला. इतका एकदम की कानांत दडे बसल्यासारखं झालं.

बाळाराम खालून वर आला तो थेट शेतात उतरला. पहिल्या खाचरातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याने चाखलं आणि थुंकलं. दुसऱ्या खाचरात गेला. चाखलं. आणखी पुढे गेला, पुन्हा वाकला. आम्ही सगळे बांधावरून त्याच्या पाठीकडे बघत होतो. तो सरळ व्हायला खूप वेळ लागला.

"गोडं हाय," तो तिथूनच ओरडला. "कडेचं एक खाचर गेलं. म्होरं गोडं हाय."

ते कडेचं खाचर त्याचं स्वतःचं होतं, हे मला नंतर कळलं.

खाडी बांधाबाहेर काठोकाठ उभी होती. रात्री पुन्हा चढणार, उद्या पुनवेला त्याहून वर. लोक चिखल झटकत घराकडे निघाले, विसर्जनाची तयारी राहिली होती. कुणीतरी विचारलं, "रातच्या भरतीला उघाडीवर कोन बसंल?"

बाळाराम खाली मान घालून पाय धुवत होता.  दामूआजा काठी टेकत उठला.

"कोन म्हंजे?" तो म्हणाला. "उघाडी बाळारामची हाय."

बाळारामने वर पाहिलंच नाही, फक्त पाय धुणं थांबवलं. जनाबाईने पदराने तोंड पुसलं, एकदा, मग पुन्हा. मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला विचारलं, "मंग भाकरी इथंच आनू का?"